रिकाम्या पिकअपचा ब्रेक

फुलंब्रीकडचा एक तरुण वडिलांची पिकअप चालवायचा. आलं, कोबी, टोमॅटो, हंगामात जे असेल ते भरून पहाटे जाधववाडीच्या मार्केटला जायचं आणि रिकामी गाडी घेऊन घरी यायचं. त्या पावसाळ्यात येतानाच्या वाटेवर गाडी बिथरायला लागली. ब्रेक जरा जोरात दाबला की मागची चाकं आवळायची आणि हौदा एका बाजूला पळायचा. सावंगीजवळ एकदा गाडी रस्त्याला आडवी होऊनच थांबली. मागून काही येत नव्हतं म्हणून निभावलं.

त्याने लायनर बदलले, ड्रम घासून घेतले, ऑइल बदललं, मागे नवे टायर घातले. ज्या ज्या गॅरेजात गाडी नेली तिथे एकच उत्तर मिळालं, की ब्रेक एकदम चांगले आहेत. आणि ते खरं होतं.

शेवटी एकाने त्याला चिकलठाण्याच्या बाजूला कमान-पाट्यांचं काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडे धाडलं. चाचांनी ब्रेकला हातही लावला नाही. दहा पावलं मागे जाऊन गाडी बाजूने न्याहाळली.

"बेटा, ही रिकामी आहे ना?"

"हो चाचा."

"मग दीड टन भरल्यासारखी का बसलीय?"

पोराचा चेहरा उजळला. गाडी खाली बसवणं ही त्याची हौस होती, आणि ती हौस पोकळ नव्हती. त्याने तिचा अभ्यास केला होता. चहा येईपर्यंत त्याने चाचांना सगळा इतिहास ऐकवला. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या जमिनीलगत आणायला सुरुवात केली. पैसे नसायचे, म्हणून डिकीत वाळूची पोती टाकायचे. पुढे 1958 पासून तिथे कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. तर 1959 मध्ये रॉन अगिरे नावाच्या माणसाने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले; पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तिकडचे मोठमोठे पिकअप ट्रकसुद्धा आता असे बसवतात. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. गाड्या देखण्या होत्या, यात शंका नाही.

"आणि तुझी कशी बसवली?"

"एका ठिकाणी पाटा मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगच्या वरचा काढून खाली घेतला. शिवाय दोन पाटे कमी केले."

चाचा गाडीखाली गेले आणि पोरालाही आत बोलावलं. मागच्या हाऊसिंगपासून चेसिसकडे जाणारी एक बारीक लोखंडी दांडी त्यांनी बोटाने दाखवली. दांडीच्या वरच्या टोकाला मुठीएवढा व्हॉल्व्ह होता. पोराने ती वस्तू रोज गाडी धुताना पाहिली होती, पण ती कशासाठी असते हे कधी विचारलं नव्हतं. खरं तर बहुतेक चालकांना ती ठाऊक नसते, आणि माल वाहणाऱ्या गाडीत तिच्याइतकं मोलाचं काम करणारे भाग थोडेच असतात.

काम असं. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि चेसिस हाऊसिंगच्या जवळ येते. त्या हालचालीने दांडी व्हॉल्व्हला सांगते, वजन आलंय, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोड. माल उतरला की चेसिस वर उठते आणि दांडी सांगते, आता मागे वजन नाही, दाब कमी कर. कमी का, तर ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. मागची चाकं आधीच हलकी, ती आणखी हलकी होतात. त्यांना पूर्ण दाब दिला तर ती फिरायची थांबतात आणि घसरतात. फिरतं चाक रस्ता धरून ठेवतं, बाजूला सरकू देत नाही. आवळलेल्या चाकात ती पकड उरत नाही, आणि गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला गाठायला बघतो.

"माल असताना कशी थांबते?" चाचांनी विचारलं.

"सरळ. काहीच त्रास नाही."

"आता समजलं? गाडी रिकामी असते, पण दांडी व्हॉल्व्हला सांगायलीय की भरलेली आहे. व्हॉल्व्ह बिचारा ऐकतो. ब्रेक चांगले आहेत म्हणूनच तू आडवा झालास."

पोराला ते पटायला वेळ लागला. चाचांनी दांडी खालून सोडवली, वरचं टोक रिकाम्या गाडीला असतं तसं फिरवून तारेने बांधलं आणि मागच्या ओल्या मोकळ्या जागेत त्याला गाडी हळू वेगात न्यायला सांगितली. ब्रेक दाबला. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, पण नाकासमोर थांबली. हौदा जागचा हलला नाही.

पोरगा उडी मारूनच खाली उतरला. "चाचा, झालं की काम! तार अशीच राहू द्या."

इतका वेळ शांत असलेले चाचा इथे तापले. "आणि उद्या पंधरा क्विंटल आलं भरून उतारावर निघालास की? तेव्हा हीच दांडी म्हणेल, गाडी रिकामी आहे. मागच्या चाकांना पुरेसा दाब मिळणार नाही. सगळं वजन पुढचे दोन ब्रेक कसे धरतील? तापून तापून हात टेकतील. आज एक खोटं बोलायली, तू तिला दुसरं शिकव म्हणतोस."

"मग दांडी लांबी बदलून नवी बनवा. गाडी खालीच राहील आणि दांडी खरं बोलेल."

हा प्रश्न हुशारीचा होता आणि चाचांनी तो तसाच घेतला. पुन्हा खाली जाऊन त्यांनी चेसिस आणि हाऊसिंग यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घातली. तिसरं मावलं नाही. कंपनीतून आली तेव्हा इथे अख्खा पंजा जात असेल, ते म्हणाले. दांडीला रिकामं आणि भरलेलं यातला फरक कळायचा तर चेसिसला वर-खाली व्हायला जागा हवी. इथे थोडा माल पडला की रबर टेकतं, पुढे पोतं टाका नाहीतर दहा पोती, दांडीला सारखंच. नवी बनवली तरी ती आंधळीच राहणार.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाने बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. आपल्याकडे लोक या कलमाकडे पावती फाडायचं निमित्त म्हणून बघतात. मला ते अन्यायाचं वाटतं. गाडीतला एक भाग दुसऱ्या भागावर विसंबून बनवलेला असतो. पाट्याची उंची पाट्यापुरती नसते. तिच्या भरवशावर कुठेतरी एक व्हॉल्व्ह ब्रेकचा हिशेब करत असतो, आणि ज्याने पाटा उलटा केला त्याला बहुधा त्या व्हॉल्व्हचा पत्ताही नसतो.

पोराने मोबाइल पुन्हा काढला आणि फोटोंकडे बराच वेळ पाहिलं. "ते वाळूची पोती टाकायचे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"त्यांनी निदान खरं वजन टाकलं होतं," चाचा म्हणाले. "आणि त्यांची शोची गाडी. तुझी पोटाची आहे. दिवसातून एकदा ती खाली बसतेच की, माल भरला की. तेव्हा काढ ना फोटो."

चाचांनी यू-बोल्टवर रॉकेल मारलं. पोराने बाही वर केली आणि पाना मागितला. पहिला नट जाम होता, दोघांनी मिळून सोडवला. मूळच्या मापाचे दोन पाटे शोधायला चाचांनी कारागिराला मोंढा नाक्याकडे पाठवलं.

मध्येच फोन वाजला. उद्या पहाटे आलं काढलेलं आहे, गाडी कधी येते, वडील विचारत होते.

"उद्या दुसऱ्याची गाडी सांगा, दादा," पोरगा म्हणाला. "भाडं मी देतो. आपली परवा येईल, आणि तुम्ही चालवून बघा."