मेहनत आणि खुराक

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जोर-बैठका होतात आणि मग थंडाई येते. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी घोटून दुधात कालवलेली. मल्ल किती घाम गाळतो याबरोबरच तो काय आणि किती खातो, यावरही वस्तादांची नजर असते. खुराक कमी पडला की मेहनत अंगावरचं मांस खाऊ लागते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

आता बीडहून ऊसतोडीला आलेल्या बाईकडे पाहा. ती अंधारात उठते, स्वयंपाक उरकते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून वाहते. मल्लानं हात जोडावेत असे कष्ट. तिचा खुराक कोण बघतं? भाकरी, ठेचा, आणि तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल तेवढं.

भाकरीनं पोट भरतं, पण एवढ्या कामाला ती एकटी पुरत नाही. पिठाच्या एका ग्रॅममधून साधारण साडेतीन उष्मांक मिळतात, तेलातुपातून 9. म्हणून ठेच्यावर तेलाची धार हवी, आमटीत डाळ दाट हवी. आणि शेंगदाणे! 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त उष्मांक. प्रथिनांत तर ते महागड्या बदामाच्याही पुढे. मूठभर दाणे आणि गुळाचा खडा पदराला बांधून फडात नेता येतो. दुपारच्या सुट्टीची वाट न पाहता, पहिली मोळी बांधून झाली की खाता येतो.

अर्थात, दाणे विकत घ्यायला मजुरी तेवढी हवी. तो हिशोब मुकादमाच्या वहीत असतो.