हा शोक नाशुक्री आहे काय?

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांतील अनेक स्त्रिया स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीला जातात. स्तन काढला जातो, औषधोपचार संपतात आणि घरचे म्हणतात, "अल्लाहचे शुक्र कर, जीव वाचला." हे खरेच आहे. परंतु त्याच घरात आणखी एक वाक्य ऐकू येते, "बुरख्यात कुणाला काय दिसणार आहे?" बोलणाऱ्याचा हेतू दिलासा देण्याचा असतो, ऐकणारीचा रडण्याचा हक्क मात्र त्याने हिरावला जातो.

बुरखा परक्यांच्या दृष्टीसाठी आहे. गुस्ल करताना स्त्री स्वतःला पाहतेच. छातीवरचा व्रण, काखेतील गाठी काढल्यामुळे कधी सुजणारा हात, गळालेले केस हे सर्व तिला दिसते आणि तिच्या पतीलाही. मग तिला वाटू लागते, एका अवयवासाठी मी झुरते आहे, हे ईमानाचे दौर्बल्य तर नव्हे?

पुत्र इब्राहीम (रजि.) यांच्या अंतसमयी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे भरून आले आणि त्या अश्रूंना त्यांनी रहमत म्हटले. सब्र म्हणजे हृदय दगडाचे करणे नव्हे.

त्याहून बोलका प्रसंग अरफजा बिन असअद (रजि.) यांचा आहे. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. पुरुषाला सोने निषिद्ध, हे आपली मुलेही जाणतात. तरी येथे ती बंदी शिथिल झाली. अल्लाह रूप पाहत नाही, अंतःकरण पाहतो, असे सांगून त्यांना परत पाठविले गेले नाही. (ती हदीस सत्यच आहे; पण ती आपल्या अहंकाराला लावायची असते, दुसऱ्याच्या जखमेला नव्हे.)

म्हणून कृत्रिम स्तन वापरणे किंवा शस्त्रक्रियेने स्तन पुन्हा घडविणे यावर 'अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल' असा शिक्का मारणाऱ्यांनी थांबावे. सौंदर्याच्या हव्यासाने शरीर बदलणे वेगळे आणि गेलेले भरून काढणे वेगळे. 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही हा भेद मान्य करून, काढलेला स्तन पुन्हा घडविण्यास अनुमती दिली.

आणि जिला यातील काहीच नको, तिलाही कुणी आग्रह करू नये. यमामाच्या लढाईत उम्मे अमारा (रजि.) यांचा हात तुटला, त्यांच्या प्रतिष्ठेत त्याने काही उणे आले नाही.

खरा प्रश्न पुष्कळदा पतीपाशी येऊन थांबतो. सूरह बकरामध्ये पती-पत्नींना परस्परांचा पोशाख म्हटले आहे. पोशाख सर्वांत जवळ असतो, अंगावरचा व्रण त्याला ठाऊक असतो आणि तो त्याला झाकतो. आमच्याकडे मात्र पट्टी बदलण्याची वेळ झाली की नवरा उठून ओसरीवर जाऊन बसतो आणि त्याला हया म्हणतो.