ईटमधला रफार

‘ईट’ हे भूम तालुक्यातल्या एका गावाचे नाव. कृतिदेव फाँटमध्ये ते लिहायला तीन कळा लागतात: लहान बी, मोठा झेड, मोठा व्ही. फाइलीत साठतात तीही हीच तीन रोमन अक्षरे. बीच्या जागी इ, झेडच्या जागी रफार आणि व्हीच्या जागी ट ही चित्रे फाँट काढून देतो. ईसाठी वेगळी कळ नाही. इच्या डोक्यावर रफार ठेवला की ई दिसतो, आणि छापील पानाला तेवढे पुरते.

ही काटकसर गरजेची होती. आठ बिटांत २५६च्या पुढे संकेत मावत नाहीत आणि जोडाक्षरांना जागा फार लागते. श्री-लिपी, शिवाजी या फाँटांनीही आपापली मांडणी केली, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा पार चिवडा होतो. चित्रांऐवजी अक्षरेच साठवणारा इस्की हा संकेत १९९१मध्ये भारतीय मानक झाला खरा, पण डीटीपीवाल्यांनी पेजमेकरमध्ये चालेल तेच वापरले.

विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत युनिकोड देवनागरी आली. तेव्हापासून ‘युनिकोड आले, प्रश्न मिटला’ हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की ते तपासून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. रोमनमध्ये मराठी लिहा म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचे कारण नाही. सगळे स्कॅन करून ठेवा म्हणणारे तर पुन्हा चित्रच साठवतात. युनिकोडवाल्यांचे म्हणणे मात्र अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवे आहे.

जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये ‘र्’ त्या अक्षराच्या आधी साठतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर ‘कर्म’ बदलताना शेवटचा रफार उचलून मच्या आधी नेतो, आणि ते योग्यच आहे. हाच नियम ‘ईट’ला लावला की र, हलन्त, इ, ट असा क्रम तयार होतो. पडद्यावर ‘र्इट’ उमटते आणि साध्या नजरेला ते ईटच वाटते. ‘मुंबर्इ’ अशाच वाटेने सगळीकडे पसरली. पण ‘ईट’ शोधले तर ‘र्इट’ सापडत नाही, आणि संकेतांच्या क्रमाने लावलेल्या गावांच्या यादीत ते स्वरांत न येता र-मध्ये जाऊन बसते. ईटच्या जिल्ह्याचे नाव २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरी शोधणारा दोन्ही नावे टाकून पाहू शकतो. ‘र्इट’ टाकून पाहण्याचे कोणाच्या मनात येईल?

यावर ठरलेले उत्तर येते: हा दोष कन्व्हर्टरचा, युनिकोडचा नव्हे. ई असा लिहू नये, हे युनिकोडच्या मानकातल्या तक्त्यात सांगितलेले आहे, हेही खरे. पण तो सल्ला आहे. दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय मानकात नाही. शिवाय जुन्या फाँटाला कधी न शिवलेला मजकूरही यातून सुटत नाही. ‘ॲप’मधल्या ॲला स्वतंत्र संकेत २००८मध्ये मिळाला. त्याआधी तो अ आणि चंद्र जोडून लिहिला जाई, आजही काही कीबोर्ड तसाच लिहितात, आणि संगणकाच्या लेखी हे दोन ॲ वेगळे आहेत.

म्हणून अक्षर सारखे दिसणे आणि अक्षर एकच असणे यांत फरक करायला हवा. विंडोज ९८चा जुना संगणक जपून ठेवला, तर फाइल दिसण्याची सोय होते. युनिकोडने असण्याची सोय केली, पण केवळ पुढे लिहिल्या जाणाऱ्या मजकुरापुरती आणि तीही नियम पाळला तर.

दुरुस्ती अवघड नाही. मराठीत रफार स्वरावर बसत नाही (नैर्ऋत्य हा अपवाद), तेव्हा ‘र्इ’ जिथे दिसेल तिथे ई करणे निर्धोक आहे. अ आणि चंद्र मिळून ॲ करणेही तसेच. मात्र हे प्रत्येक फाइलीत वेगळे करावे लागते, आणि ते झाले की नाही हे छापील प्रतीवरून कळत नाही.