आठ वाजायच्या आत
घोटावड्याचा जवान लडाखमध्ये तैनात असला, तरी त्याचं मत भोर मतदारसंघातच मोजलं जातं. कोरी मतपत्रिका त्याला ऑनलाइन मिळते. खूण केलेली मात्र टपालानंच परतते, लिफाफ्यात लिफाफा घालून. तिकीट लावावं लागत नाही. पण मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायलाच हवी. उशीर झाला, की ते मत बादच! २०२४च्या विधानसभेची मोजणी २३ नोव्हेंबरला झाली. मोजणीचा आरंभ होतो तोच टपाली मतांपासून. वाटेत टपाल निवडणारे, थैल्या वाहणारे, दारात पोचवणारे, किती हात! आत कुणाच्या नावापुढे खूण आहे हे त्यांना ठाऊक नसतं, आणि तरीही ते लिफाफा जिवापाड जपतात. मला या कामाबद्दल अपार आदर वाटतो. आज पोस्टमनदादा दारी आले, तर त्यांना हे जरूर सांगा.