आडनावांची विशेषणे

शहरी, धूसर आणि थोडी दुर्बोध अशी कोणतीही कविता दिसली की तिला ‘मर्ढेकरी’ म्हणून मोकळे होण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे आणि त्यामुळे आडनावापासून घडलेल्या एका नेमक्या शब्दाची धार बोथट होते आहे. असे शब्द मराठीत मुख्यतः दोन रीतींनी घडतात. ‘वाद’ जोडला की व्यक्तीपासून सुटा काढून मांडता येईल असा विचार सूचित होतो, जसे मार्क्सवाद, गांधीवाद, आंबेडकरवाद. नुसता ‘ई’ प्रत्यय लागला की लकब किंवा वळण सूचित होते, जसे मर्ढेकरी, खांडेकरी. ‘वाद’ कोणत्याही आडनावाला मानवतो, ‘फुलेवाद’ म्हणताना जीभ अडखळत नाही. ‘ई’ मात्र फडके किंवा अत्रे या एकारान्त नावांना लागत नाही, त्यामुळे त्यांच्या तितक्याच ठसठशीत शैलींना असे सुटसुटीत विशेषण लाभले नाही.

विचाराला व्यक्तीचे नाव देऊच नये, असा एक आक्षेप आहे, आणि ‘गांधीवाद’ अशी काही वस्तू नाही, आपल्यामागे पंथ उरू नये, असे खुद्द गांधींनीच १९३६ मध्ये सांगितले होते. हा विनय आदरणीय असला तरी स्वीकारता येत नाही, कारण ‘अहिंसावाद’ म्हटले की त्यात महावीरही येतात, आणि सत्याग्रह, खादी, विश्वस्तवृत्ती यांची जी विशिष्ट गुंफण गांधींनी केली ती नेमकी निसटते.

तरीही लकबीचा शब्द विचाराच्या शब्दापेक्षा हलका, ही सर्वमान्य समजूत तपासली की टिकत नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात मर्ढेकरांनी लयतत्त्वाची स्वतंत्र उपपत्ती मांडली, पण ‘मर्ढेकरवाद’ रुळला नाही. रुळले ते विशेषण, आणि त्याची परीक्षा ओळीतच करता येते. अभंगाच्या किंवा ओवीच्या घाटात यंत्रयुगाचे शब्द, भक्तीच्या सुरात गिरणीचे आणि पिंपातल्या उंदरांचे जग, अशी टक्कर तिथे दाखवता आली पाहिजे. गांधीवादी असल्याचा दावा कोणालाही आयुष्यभर करता येतो. एखादी ओळ मर्ढेकरी आहे की नाही याचा निकाल मात्र वाचकासमोर, तिथल्या तिथे लागतो. म्हणून समीक्षकांनी हे विशेषण लिहिण्यापूर्वी ती ओळ उद्धृत करावी.