आकाश कुणाच्या कानातलं?

संध्याकाळची कल्याण फास्ट ठाणं सोडते. डब्याच्या एका कोपऱ्यात भजनी मंडळ रंगलंय, टाळांच्या जोडीला डब्याच्या पत्र्यावर बोटांचा ठेका. दाराशी उभा डोंबिवलीकर तरुण कानात इअरफोन खुपसून खिशातल्या रेडिओवर नव्या सिनेमाचं गाणं ऐकतोय. २००२ साली हे रोजचंच होतं. जलद गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जात. गाडी आत शिरली की तरुणाच्या कानात नुसती खरखर. अभंग मात्र दुप्पट घुमायचा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबईत खासगी एफएम वाहिन्या पाठोपाठ सुरू झाल्या: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो, विन. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला वेगळी लहर नव्हती. मुंबईचंच आकाश खाडी ओलांडून यायचं.

आणि आकाश कुणाचं, हा प्रश्न जुनाच आहे. न्याय-वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. पाण्यावरच्या तरंगांसारखा तो एकातून दुसरा उपजत कानापर्यंत पोचतो. आणि कान म्हणजे तरी काय? कानाच्या पोकळीत सापडलेलं आकाशच. आकाश एक आणि अखंड; त्याचे तुकडे पडतात ते फक्त बोलण्यापुरते.

सरकारी कागदांवर मात्र तुकडे खरोखरच पडले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात आकाशातल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात ४० शहरांसाठी १०८ लहरींचा लिलाव झाला. परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी चढणारं. ते झेपेना, विनचा आवाज बंद पडला. २००५ मध्ये धोरण बदललं आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा घ्यायचं ठरलं.

मालमत्ता सार्वजनिक, पण खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. राहिली गाणी आणि जाहिराती. शुल्क भरून निघायचं तर सगळ्यांना चालेल तेच वाजवायचं. म्हणून डोंबिवलीच्या घरात मराठी आणि रेडिओवर बहुतेक हिंदी.

मग भजनाचा डबा हेच खरं सार्वजनिक आकाश म्हणायचं का? तिथे ना परवाना, ना शुल्क. पण दिवसभर राबून डोळे मिटू पाहणाऱ्या सहप्रवाशाला विचारा. टाळ बंद करायला बटण नसतं. रेडिओवाल्याने आपल्यापुरतं आकाश कुंपण घालून घेतलं हे खरं, पण शेजाऱ्याचं आकाश त्याने मोकळं ठेवलं. नैयायिकांनी कानाला आकाश म्हटलं. त्या आकाशाला दार असावं की नसावं, हे त्यांना लोकलच्या गर्दीत ठरवावं लागलं नव्हतं.

बोगदा संपतो. मुंब्र्याच्या उजेडात खरखर विरते आणि गाणं मधल्याच अंतऱ्यावर परत येतं. पलीकडे भजनी मंडळाने दुसरा अभंग धरलेला असतो.