दस्तरखान आणि ईद : मेजवानीचा विसरलेला अर्थ



सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो साऱ्या सृष्टीचा अन्नदाता आहे, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आम्हाला खाण्याचे आणि खाऊ घालण्याचेही शिष्टाचार शिकविले.

आज एका शब्दापासून विचार सुरू करू या. इंग्रजीत मेजवानीला 'फीस्ट' म्हणतात आणि मेजवानी झोडण्याला 'फीस्टिंग'. आपली मुले शाळेत त्याचा अर्थ 'भरपूर व चविष्ट जेवण' असा शिकतात. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. हा शब्द लॅटिन 'फेस्तुम'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा संबंध सणाशी, पवित्र दिवसाशी होता. 'फेस्टिव्हल' हा शब्द त्याच कुळातला. गोव्यात चर्चच्या उत्सवाला 'फेस्त' म्हणतात, तोही पोर्तुगीजांकडून आलेला त्याचाच भाऊबंद. ख्रिस्ती परंपरेत संतांच्या स्मरणदिनाला आजही 'फीस्ट' म्हणतात. त्या दिवशी ताटात काय वाढले आहे, याला तेथे महत्त्व नसते. म्हणजे आधी दिवस होता आणि दिवसाच्या निमित्ताने जेवण आले. पुढे रोजच्या वापरात दिवस मागे पडला व ताट पुढे आले. आता 'फीस्टिंग' म्हटले की मनसोक्त, प्रसंगी अतिरेकी खाणे एवढेच डोळ्यांसमोर येते.

शब्दाचे जे झाले ते समाजाचेही होऊ शकते. म्हणून प्रत्येकाने स्वतःला विचारावे : आमच्या दावतींमध्ये तो 'दिवस' उरला आहे काय, की केवळ ताट उरले आहे?

आकाशातून उतरलेला दस्तरखान

पवित्र कुरआनच्या पाचव्या सूरहचे नावच 'अल-माइदा', म्हणजे अन्नाने सजलेला दस्तरखान, असे आहे. या सूरहच्या ११२ ते ११५ या आयतींमध्ये एक प्रसंग आला आहे. हजरत ईसा (अ.) यांच्या शिष्यांनी आकाशातून अन्नाचा दस्तरखान उतरावा अशी इच्छा व्यक्त केली. हजरत ईसा (अ.) यांनी दुआ केली, तिचा आशय असा : हे आमच्या पालनकर्त्या, आमच्यावर असा दस्तरखान उतरव, जो आमच्यातील पहिल्यांसाठी व नंतरच्यांसाठी ईद ठरेल आणि तुझ्याकडून एक निशाणी ठरेल.

संपूर्ण कुरआनमध्ये 'ईद' हा शब्द केवळ याच एका ठिकाणी आला आहे, आणि तो दस्तरखानाच्या सोबतीने आला आहे. मार्माड्यूक पिक्थॉल हे इंग्रज नवमुस्लिम विद्वान १९२० मध्ये मुंबईत आले व 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्राचे संपादक झाले. १९३० मध्ये त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. या आयतीतील 'ईद'साठी त्यांनी 'फीस्ट' हाच शब्द योजला. शब्दाचा जुना अर्थ ठाऊक असल्याशिवाय ही निवड ध्यानात येत नाही. जेवण हे येथे निमित्त आहे. त्यातून अल्लाहची ओळख व्हावी, हा हेतू आहे.

पुढची आयत मात्र आपण घाईने ओलांडतो. अल्लाहने दस्तरखान उतरविण्याचे मान्य केले आणि त्याच वेळी ताकीद दिली, की यानंतर जो कृतघ्न होऊन नाकारील त्याची शिक्षा अत्यंत कठोर असेल. भरलेले ताट ही देणगी आहे, तशीच ती परीक्षाही आहे.

रोजा आणि ईद

इंग्रजीत उपवासाला 'फास्ट' म्हणतात. 'फास्ट' आणि 'फीस्ट' हे शब्द कानाला जुळ्या भावांसारखे वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. 'फास्ट'च्या मुळाशी घट्ट धरून ठेवण्याचा भाव आहे. आपल्या अरबी 'सौम'चा अर्थही स्वतःला रोखणे असाच आहे. इस्लामने या दोहोंना एका सूत्रात गुंफले. रमजानचा महिनाभर रोजा आणि शव्वालच्या पहिल्या दिवशी ईद. ज्या अल्लाहच्या आज्ञेने काल खाणे थांबविले, त्याच्याच आज्ञेने आज खायचे. म्हणूनच दोन्ही ईदच्या दिवशी रोजा ठेवण्यास मनाई आहे. त्या दिवशी खाणे ही देखील आज्ञाधारकता आहे.

ईदुल अज्हानंतरच्या तश्रीकच्या दिवसांविषयी सहीह मुस्लिममध्ये हजरत नुबैशा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे, की हे खाण्याचे, पिण्याचे आणि अल्लाहच्या स्मरणाचे दिवस आहेत. या तीन गोष्टी एका वाक्यात एकत्र आल्या आहेत. तिसरी वगळली, तर उरलेल्या दोन गोष्टी जनावरेही करतात.

शिवाय ईदच्या नमाजपूर्वी फित्रा गरिबाच्या घरी पोहोचला पाहिजे आणि कुर्बानीच्या मांसातून स्वतः खावे व गरजवंतालाही खाऊ घालावे, असा आदेश आहे (सूरह अल-हज्ज, २२:२८ व ३६). गरिबाची चूल पेटावी, याची तरतूद आमच्या सणातच केलेली आहे.

शब्द काय सांगतात?

आपल्या बोलीतील शब्द पाहा. 'वलीमा' या शब्दाच्या मुळाशी जोडण्याचा, एकत्र आणण्याचा भाव आहे. दोन जीव, दोन घराणी जोडली गेली, त्याचे हे जेवण. 'ज़ियाफत' हा शब्द 'ज़ैफ', म्हणजे पाहुणा, यावरून आला. 'दावत' म्हणजे बोलावणे. मराठीतील 'मेजवानी' फारसीतून आली. 'मेजबान' म्हणजे यजमान. मराठीची 'पंगत' म्हणजे ओळ, जिच्यात सारे एका पातळीवर बसतात. यांपैकी एकाही शब्दाच्या मुळाशी पदार्थ नाही. सर्वांच्या मुळाशी माणूस आहे. एकाच पंगतीत कुणाला एक आणि कुणाला दुसरे वाढणे याला मराठीत 'पंक्तिप्रपंच' म्हणतात आणि तो नेहमीच दोष मानला गेला आहे.

प्रेषितांचे वलीमे

खैबरहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) यांचा हजरत सफिय्या (र.) यांच्याशी विवाह झाला. वलीम्यासाठी चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले. ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने आणावे, असे प्रेषितांनी सांगितले. कुणी खजूर आणले, कुणी तूप, कुणी सुकविलेले दही. ते एकत्र कालवून सर्वांनी खाल्ले. त्या वलीम्यात ना रोटी होती ना मांस. हजरत ज़ैनब (र.) यांच्या विवाहप्रसंगी एक बकरी कापली गेली आणि लोकांना रोटी व मांस मिळाले; प्रेषितांच्या अन्य कोणत्याही पत्नीचा वलीमा याहून मोठा झाला नाही, असे हजरत अनस (र.) सांगतात.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांच्या वस्त्रांवर केशरी रंगाची खूण दिसली, तेव्हा त्यांचा विवाह झाल्याचे प्रेषितांना समजले. क्षणभर थांबून विचार करा. इतका निकटचा सोबती, त्याच मदीना शहरात त्याचा निकाह, आणि प्रेषितांना आमंत्रणही नव्हते! तरी रुसवा नाही, तक्रार नाही. प्रेषितांनी बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करा, मग एका बकरीचा का असेना, एवढेच सांगितले.

आमचे वलीमे

आता आमच्या घरांकडे वळू या. 'ऋण काढून सण' ही म्हण आपण दुसऱ्याला ऐकवितो आणि स्वतः मात्र हॉल, केटरर व देगांची संख्या ठरविताना व्याजाचे कर्ज काढतो. वलीमा सुन्नत आहे आणि व्याज हराम आहे. व्याज न सोडणाऱ्यांविरुद्ध अल्लाह व त्याच्या प्रेषितांकडून युद्धाची घोषणा कुरआनमध्ये आहे (सूरह अल-बकरा, २:२७९). सुन्नत पार पाडण्यासाठी जो हराम मार्ग धरतो, त्याने सुन्नतीचा नेमका कोणता भाग पाळला?

दुसरी बाब वधूपित्याची. वलीमा वराच्या बाजूने असतो. शेकडो लोकांच्या बरातीला जेवू घालणे शरीअतने मुलीच्या बापावर बंधनकारक केलेले नाही. तो स्वखुशीने पाहुणचार करील तर ते त्याचे औदार्य. पण अमुक इतकी माणसे येतील आणि अमुक पदार्थ हवेत, असा निरोप वराकडून जात असेल, तर त्याला मागणीच म्हणावे लागेल. अशा मागणीमुळे निकाह वर्ष-वर्ष लांबतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आलेल्या कथनाचा आशय असा, की ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट होय. बिर्याणी कितीही उत्तम शिजलेली असो, पाहुण्यांच्या यादीमुळेच ती वाईट ठरू शकते.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरी दावत ठरली, की यादीच्या पहिल्या पाच ओळी अशा लोकांसाठी राखून ठेवा, जे तुम्हाला परत कधीच जेवायला बोलावू शकणार नाहीत : मोहल्ल्यातील विधवा, मशिदीबाहेर बसणारा वृद्ध, रोजंदारीवर राबणारा शेजारी. त्यांना उरलेले अन्न डब्यात भरून पाठवू नका. सन्मानाने बोलवा आणि आपल्याच पंगतीत बसवा. सूरह अद-दहरमध्ये (७६:८-९) त्या नेक लोकांचे वर्णन आहे, जे गरीब, अनाथ व कैद्याला जेवू घालतात आणि त्याबदल्यात मोबदला तर नाहीच, आभारही इच्छित नाहीत. खर्च झेपत नसेल तर पदार्थ कमी करा, माणसे कमी करू नका. त्यातही गरीब माणसे तर मुळीच नको. मग तो दस्तरखान साधा असला, तरी त्या घराला ईद लाभेल.

हे अल्लाह, आमच्या अन्नात बरकत दे. आमच्या मुला-मुलींचे निकाह सोपे कर. आमच्या दस्तरखानांवर तुझे स्मरण आणि तुझे गरीब बंदे असू देत. उधळपट्टी, दिखावा व व्याज यांपासून आमच्या घरांचे रक्षण कर. आमीन.